नालबंदीचे कलम

मराठेशाहीत मोहिमेवर निघण्यापूर्वी शिलेदारास जी आगाऊ रक्कम दिली जाई, तिचे नावच ‘नालबंदी’ होते. घोड्याचे पाय आधी, स्वारी नंतर, हा त्यामागील हिशेब.

नाशिकच्या रविवार कारंजा भागातील एक व्यापारी पुत्राच्या वरातीसाठी घोडा पाहण्यास गेले. मंडप, बँड व रोषणाई यांचे सौदे त्यांनी फारसे न बोलता पक्के केले होते. घोडेवाल्याशी मात्र पाचशे रुपयांसाठी घासाघीस चालली. तो एवढेच म्हणाला, “शेटजी, नालबंदाचे पैसे ह्यातूनच द्यायचे असतात.”

शेटजींनी खाली पाहिले. खूर वाढून फाकले होते. एक नाल झिजून पातळ झाली होती.

खूर नखाप्रमाणे वाढतच असतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी तो तासून नाल पुन्हा बसवावी लागते. हा खर्च टाळला की प्रथम चाल बिघडते, मग सांधे दुखतात, आणि अखेर लंगडे जनावर मालकास नकोसे होते. नाशिकची पांजरपोळ १८७८ पासून उभी आहे. निराधार जनावरांसाठी समाज उदारपणे दान देतो. परंतु जनावर निराधार होण्यापूर्वीचा लहान खर्च कोणाच्याच वहीत नसतो.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण सांगितले आहे. दुखऱ्या पायावर थोडा भारही अतिभारच.

वरातीस अजून आठ दिवस होते. शेटजींनी ठरलेले भाडे दिले, नालबंदाचे पैसे वेगळे मोजले, आणि लग्नाच्या वहीत एक नवे कलम लिहिले : नालबंदी.