पिठलं आणि वाळू

मागच्या हिवाळ्यात चार महिने लीड्सला मुलीकडे होते. नातवाने लेपर्ड गेको पाळला होता. वीतभर लांब, पिवळा, अंगावर काळे ठिपके. वरून मोहरीची फोडणी घातल्यासारखा. म्हणून मुलीने त्याचं नाव ठेवलं ‘पिठलं’. घरातल्या पालीसारखं ते भिंतीवर चढत नाही; बोटांना चिकटणाऱ्या गाद्याच नसतात. आणि त्याला पापण्या असतात. डोळे मिटून झोपलेलं पाहिलं, तेव्हा माझी किळस गेली.

त्याच्या काचेच्या पेटीत तळाला नुसता स्वयंपाकघरातला कागद होता. मला ते बघवेना. वाळवंटातला जीव, त्याला वाळू नको? नातवाच्या वाढदिवसाला मी दुकानातून पिशवी आणली. वर वाळवंटाचं चित्र, आणि वाळूत कॅल्शियम असल्याची जाहिरात. पेटी सजली. सगळ्यांनी फोटो काढले.

दोन महिन्यांनी पिठल्याने किडे खाणं सोडलं. शेपूट बारीक झाली. ती त्याची चरबीची कोठी. भरलेली असली की समजावं, सगळं ठीक आहे. मग शी होईना. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. पोटात पांढरा पुंजका दिसला. वाळू.

त्या म्हणाल्या, कॅल्शियम कमी पडलं की हे प्राणी जमीन चाटतात, आणि या वाळूत तर तेच घातलेलं. आमच्या गल्लीतली एक पोरगी भिंतीचे पोपडे खायची, ते मला आठवलं. ती मार खायची, तरी खायची. डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या, धडधाकट गेकोच्या पोटातून थोडे कण निघूनही जातात. पण अन्न पचायला त्याला खालून ऊब लागते. ‘तापमान किती ठेवता?’

‘चोवीस तास बत्तीस अंश,’ नातू म्हणाला. मग रडवेला होऊन, ‘किड्यांना पूड लावायला मी कधीकधी विसरलो.’

मी गप्प बसले. सगळे कामाला, शाळेला गेले की पेटीखालच्या हीटरचा स्विच मी बंद करत होते आणि ते परतायच्या आधी चालू करत होते. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की हात आपोआप बटणाकडे जातो, तसंच. विजेचं बिल काय माझ्या घरचं होतं?

घरी कोमट पाण्यात बसवणं आणि तोंडातून औषध सुरू झालं. त्या रात्री झोप लागली नाही. माझं माहेर सातपुड्याच्या पायथ्याचं. तिथे पिठल्याचं भावंड मी लहानपणी पाहिलंय. लोक विषारी समजून त्याला दिसताक्षणी ठेचत. विष त्याला नसतंच. सातपुड्यातल्या त्या जातीला शास्त्रज्ञांनी वेगळं नाव दिलं ते २०१४ साली. आणि ते दिसायचं कुठे? दगडांच्या कपारीत, घट्ट मातीवर. पिठल्याचं मूळ रान अफगाणिस्तान-पाकिस्तानाकडचं, तेही असंच खडकाळ. म्हणजे जे माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, ते सोडून मी पिशवीवरच्या चित्रावर विश्वास ठेवला.

सकाळी नातवाला स्विचचं सांगितलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘आजी, म्हणजे वाळू पिठल्याने खाल्ली आणि माती तू.’ हा वाक्प्रचार आईने त्याला परीक्षेच्या निकालावरून शिकवला होता. तो हसला नाही. पण त्या दिवशी पिठल्याला औषध देताना त्याने मला पाय धरायला बोलावलं.

चौथ्या दिवशी पिठल्याला शी झाली, वाळूसकट. कुणाच्या शीचा एवढा आनंद मला मुलीच्या तान्हेपणानंतर पहिल्यांदाच झाला.

आता पेटीत पुन्हा तोच कागद आहे, त्यावर एक सपाट लादी. दिसायला काहीच नाही. लादी गरम झाली की पिठलं तिच्यावर पोट टेकून, डोळे मिटून पडतं. त्या स्विचवर नातवाने चिकटपट्टी लावली होती. मी भारतात परतेपर्यंत ती तशीच होती.