घाटात पेटणारे दिवे

गाडीची वायरिंग आपल्याला कळते, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. सगळी नोकरी भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली, घरात मल्टिमीटर आहे. 2013 पासून नव्या मोटारींना ओबीडी-2, म्हणजे बिघाडाचे कोड नोंदवणारी यंत्रणा, सक्तीची झाली, तेव्हा तर माझं मत पक्कंच झालं. स्कॅनर लावा, कोड वाचा आणि तो दाखवील तो भाग बदला. जो फॉल्ट वर्कशॉपमध्ये दिसत नाही तो मालकाच्या डोक्यात असतो, असंही मी चारचौघांत बोलत असे. ते मत आता राहिलं नाही. बदललं ते चिखलदऱ्याच्या घाटात.

परतवाड्याहून धामणगाव गढी मागे पडली की चढ लागतो. वर चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर. श्रावणात धुकं असं उतरतं की भरदुपारी हेडलाइट लावावे लागतात. नेमकं तिथं, हळू घ्यायच्या वळणावर, आमच्या गाडीचं स्टिअरिंग जड होई आणि डॅशबोर्डवर एबीएस, स्टिअरिंग असे चार दिवे एकदम पेटत. वर जाऊन गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की सगळं जिथल्या तिथं. खाली परतवाड्यात उतरलो की गाडी इतकी शहाणी, की तक्रार सांगायचीच लाज वाटावी.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लागला. एबीएसचा कोड, स्टिअरिंगचा कोड, कमी व्होल्टेजचा कोड. बॅटरी बदलली, कोड उडवले. पुढच्या चढाला पुन्हा तेच दिवे. मग स्टिअरिंगचं युनिटच बदलायचं पाच आकडी अंदाजपत्रक आलं. मशीन सांगतंय म्हटल्यावर मी पैसे द्यायलाही तयार होतो. बायकोनं अडवलं म्हणून थांबलो.

शेवटी गाडी परतवाड्याच्या एका वायरमनकडे नेली. त्यानं बॉनेट उघडायच्या आधी विचारायलाच सुरुवात केली. पाऊस होता की नुसतं धुकं? लाइट लावले होते? वायपर, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर? गाडी सरळ जात होती की वळत होती? मी कोडचा कागद पुढे केला. तो म्हणाला, “सर, राहू द्या थे बाजूले. कवा होते थे तुमी सांगा, कायनं होते थे मी पाह्यतो.” मला हे टाळाटाळीचं वाटलं. शिवाय माझं निदान तयार होतं: डोंगरातली ओल, कुठल्या तरी कपलरमध्ये पाणी.

त्यानं ओलीचं नावही काढलं नाही. गाडी तिथंच, कोरड्या उन्हात उभी करून इंजिन चालू ठेवलं. हेडलाइट, ब्लोअर, हीटर सगळं लावायला सांगितलं आणि मला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला बसवलं. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी बॉडीच्या पत्र्यावर. तिथं शून्याच्या जवळपास आकडा हवा, 0.2 व्होल्टच्या वर गेला की संशय घ्यावा. मी स्टिअरिंग वळवलं की आकडा एक व्होल्टच्या पुढे उडी मारत होता. बॅटरीकडून बॉडीला जाणारी अर्थची वायर वरून धडधाकट होती. बोल्ट काढला तर थिंबलखाली गंज आणि हिरवट बुरशी. घासून, घट्ट आवळून दिली. मजुरी सांगितली ती ऐकून मीच वरमलो.

त्यात नवं शास्त्र काहीच नव्हतं. ओहमचा नियम मीच मुलांना फळ्यावर शिकवलेला. साध्या मीटरनं रेझिस्टन्स मोजताना वायरीतून जाणारा प्रवाह नगण्य असतो, त्यामुळे एक तार शाबूत असली तरी वायर पास होते. 0.03 ओहम तर घरगुती मीटरला धड दिसतही नाही. पण त्यातूनच 50 अँपिअर जाऊ लागले की दीड व्होल्ट वाटेतच जिरतो. इलेक्ट्रिक स्टिअरिंग हळू वेगात पूर्ण वळवताना क्षणभर एवढा प्रवाह सहज ओढतं, आणि धुक्यात लाइट-वायपर-हीटरची भर त्यावर. बॅटरीच्या टोकाशी व्होल्टेज चांगलं, युनिटपाशी मात्र कमी, म्हणून दिवे. चिखलदऱ्यात सगळा लोड एकदम येतो, परतवाड्याच्या सरळ रस्त्यावर येत नाही, एवढाच फरक.

स्कॅनर निकामी आहे, असं मी म्हणत नाही. त्या वायरमनला त्याचं जे वावडं आहे तेही मला पटत नाही. कमी व्होल्टेजचा कोड खराच होता. बऱ्याच गाड्यांत कोडबरोबर त्या क्षणाचा वेग, इंजिनचं तापमान अशी नोंदही साठवलेली असते. ती कोणी वाचली नाही. कोड उडवताना तीही गेली. स्कॅनर कुणाला त्रास झाला ते सांगतो, कुणामुळे झाला ते शोधावं लागतं.

आणि शोध सुरू होतो तो ‘केव्हा’पासून. आमच्या वऱ्हाडात तर जास्तच. अकोल्याच्या मे महिन्यात तापल्यावरच बंद पडणारी आणि गार झाल्यावर सुरू होणारी गाडी असेल, तर रिलेतला तडकलेला सोल्डर किंवा क्रँक सेन्सर आधी पाहावा. फक्त खड्ड्यात झटका बसला की होत असेल तर हार्नेस हलवून पाहावा. बरेच दिवस उभ्या गाडीत सुरू झालं असेल तर उंदीर. खरोखर ओलीचे फॉल्टही असतात. पण ते पाऊस थांबल्यावरही काही काळ राहतात, गाडी बंद-चालू करताच जात नाहीत. आता एखादा मिस्त्री “आज सापडलं नाही, पुन्हा झालं की काय काय चालू होतं ते लिहून आणा” म्हणाला, तर मी त्याला अडाणी समजत नाही. अंदाजानं भाग बदलणाऱ्यापेक्षा तो जास्त हुशार.

घाटात स्टिअरिंग जड झालं तर आधी जागा पाहून गाडी बाजूला घ्या. मग इंजिन बंद करण्यापूर्वी डॅशबोर्डचा मोबाइलवर फोटो काढा, काय काय चालू होतं ते लिहा आणि वर्कशॉपमध्ये कोड उडवण्याआधी त्यांची नोंद मागून घ्या.