आजोबांची अ‍ॅटलस, नगरच्या रस्त्यावर

वीकेंडला लोणावळा नेहमीचंच! यंदा मी शुक्रवारची रजा टाकून एसटीनं नगर गाठलं (२०२४ पासून अहिल्यानगर). आजोबांची अ‍ॅटलस भंगारात निघाली होती ना!

बाबा म्हणाले, "नवी गिअरची घे, पैसे मी देतो." पण अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. ही गेली की गेलीच!

मिस्त्रीकाकांनी रॉकेलनं गंज काढला. चेन, फ्रीव्हील, छर्रे, ब्रेकचे रबर नवे टाकले, चाकांचा आउट काढला. क्रँकची कॉटर पिन मात्र हलेना. तेल सोडून रात्रभर थांबलो, सकाळी निघाली. रंग? नको. कॅरिअरवर आजोबांच्या दुधाच्या किटल्यांचे ओरखडे आहेत, तिथं फक्त तेलाचा हात फिरवला.

रविवारी पहाटे निघालो. नेहरू १९४२ ते १९४५ जिथं कैदेत होते, त्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकाजवळून थेट १९९४ साली उघडलेल्या रणगाडा संग्रहालयापर्यंत. तिथलं जुनं पोलाद रंगवून उभं केलेलं. माझं कुरकुरत का होईना, चालतंय!

घरी परतलो. बाबांनी काही न बोलता सीट दोन बोटं खाली घेतली आणि दूध आणायला निघाले.