बादलीतलं जिवंत पाणी

कोपेपॉड हा पाण्यातला इवलासा प्राणी अन्न कसं शोधतो आणि कसं खातो, यावर मी पुढे पुष्कळ वाचलं. पण तो खाताना मला पहिल्यांदा दिसला तो आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांमुळे. काका परिचर होते. काचसामान धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं, होडीत जाळं चढवणं हे त्यांचं काम. जन्म भाट्याच्या खाडीकाठी गेलेला, घरची छोटी होडी होती.

रत्नागिरीत एम.एस्सी. करताना मी प्राणिप्लवक हा विषय घेतला. जाळं वर आलं की नमुना तिथेच फॉर्मॅलिनमध्ये जायचा. मोजणीसाठी ते योग्यच होतं. काका मात्र त्यातला थोडा नमुना आधीच बाजूला काढून बादलीभर खाडीच्या पाण्यात सोडत. "दाटीत गुदमरतील, बाय," म्हणत. बादलीवर ओलं गोणपाट टाकत, ऊन लागू देत नसत. किनाऱ्यावर आल्यावर तळाशी बसलेले मेलेले जीव रबरी नळीने ओढून टाकत, म्हणजे पाणी नासत नसे. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी सगळे घरी गेले तरी माझं बघून होईपर्यंत ते थांबत.

त्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा पॅराकॅलॅनस हा कोपेपॉड संथपणे सरकताना दिसे. तोंडाजवळचे अवयव इतक्या वेगाने हलत की तिथे नुसती थरथर जाणवे. भोवतीचे कण मात्र एका प्रवाहात त्याच्याकडे येत राहत. फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यात यातलं काही नसतं. तिथे दिसतात फक्त तोंडाजवळच्या अवयवांवरचे लांब, दाट केस.

त्या केसांवरूनच कित्येक दशकं असं मानलं गेलं की हा प्राणी पाणी गाळतो आणि केसांच्या चाळणीत शेवाळपेशी अडकतात. मिमी कोल आणि रूडी स्ट्रिकलर यांनी युकॅलॅनस या जिवंत कोपेपॉडाभोवती रंगाच्या धारा सोडून अतिवेगवान चित्रफिती घेतल्या आणि 1981 साली ती समजूत मोडून काढली. एवढ्याशा जिवाला पाणी काकवीसारखं चिकट लागतं. केसांना पाण्याचा जाड थर धरून राहतो, मधल्या फटींतून पाणी फारसं जातच नाही. केसाळ अवयव वल्ह्यासारखा चालतो. चार जोड्या अवयव पाणी आपल्याकडे ओढतात. पेशी जवळ आली की दोन अवयव झटकन फाकतात, तिच्याभोवतीच्या पाण्यासकट तिला आत घेतात, मग मिटताना पाणी पिळून काढतात. हालचाल थांबली की पाणीही त्याच क्षणी थांबतं.

पेशी येते आहे हे कळतं कसं? तिच्याभोवती तिच्यातून झिरपलेल्या रसायनांचं वलय असतं. प्रवाहात ते वलय ताणलं जातं आणि पेशीच्या आधी तिचा वास पोचतो. मला सगळ्या शोधात हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो: डोळ्यांनी न बघता, अन्न यायच्या आधीच त्याची वर्दी.

त्याच बादलीत ओइथोना हा दुसरा कोपेपॉडही असे. तो प्रवाह करत नाही. लांब शृंगिका पसरून निश्चल राहतो, पोहणाऱ्या भक्ष्याने पाणी किंचित हलवलं की त्यांवरच्या केसांना ते कळतं आणि तो झेप घेतो. अकार्शिया हा तिसरा कोपेपॉड दोन्ही रीती वापरतो; समोर काय आहे ते बघून बदलतो. ही पोटं भरतात म्हणून पेडव्यांची भरतात, बांगड्यांची भरतात, आणि मग आपली.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात काकांचं नाव मी एका ओळीत लिहिलं. त्याने काय फिटणार? मला जिवंत प्राणी बघायची सवय त्यांनी लावली, आणि माझं पुढचं सगळं काम त्या सवयीवर उभं आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी फॉर्मॅलिनची बाटली उघडण्याआधी बादली राखायला शिकवते.

काका निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा फोनवर कोपेपॉड खातानाची एक संथ केलेली चित्रफीत दाखवली. चष्मा पुसून त्यांनी ती पुन्हा पुन्हा लावायला सांगितली. एका जागी प्राण्याने कण धरला आणि सोडून दिला.

"ह्याने टाकला कशाला?"

"चव घेतो काका. नको असेल ते टाकतो. प्लास्टिकचे मणी आणि शेवाळ एकत्र दिलं तर अकार्शिया शेवाळ निवडून खातो, असं प्रयोगात दिसलंय."

"सगळेच टाकतात?"

"नाही. काहींच्या पोटात प्लास्टिक सापडतं."

ते थोडा वेळ खाडीकडे बघत राहिले. "आपल्या हितले काय करतात, बघितलंस काय कधी?"

नव्हतं बघितलं.

"होडी हाय अजून," काका म्हणाले, "जाळं तू घेऊन ये. बादली माझ्याकडे हाय."