विरळणी आणि लेकीचे दात

तीस वर्षे मी बांधावर उभा राहून सांगत आलो : ज्वारी दाट उगवली की विरळणी करा, चांगले रोप उपटताना हात आखडता घेऊ नका. पण गेल्या वर्षी दंतवैद्यांनी माझ्या तेरा वर्षांच्या धाकटीचे चार निरोगी दात काढायला सांगितले, तेव्हा माझाच हात आखडला.

सुळ्यांमागच्या उपदाढा, वर दोन, खाली दोन. शेतात चुकले तर नांगे भरता येतात. पक्का दात पुन्हा उगवत नाही. म्हणून दुसऱ्या दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे पाहिला, दातांचा साचा घेतला, जागा किती कमी पडते ते मोजून दाखवले. गर्दी थोडी असती तर दात न काढता भागले असते. हिची फार होती.

मग लेकीला विचारले. ती म्हणाली, "बाबा, मला तोंडावर हात न धरता हसायचंय."

दात काढले, तार बसवली. तार निघाल्यावरही दात मागे सरकू नयेत म्हणून रिटेनर वापरायचा आहे.

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर भिऊन नाही म्हणू नका, घाईने होही म्हणू नका. मोजमाप मागा, आणि ज्याचे दात त्या लेकरालाही विचारा.