चार मिलीमीटर

"काका, बसतंय की!"

आरएक्स 100 च्या चिमट्यात पल्सर 150 चं मागचं अलॉय चाक पोरानं नुसतं सरकवलं होतं. ॲक्सल आरपार गेला, म्हणजे झालं, असं त्याला वाटलं. मी खुंटीवरची दोरी काढली.

मागच्या टायरला दोन्ही अंगांनी टेकवून दोरी पुढच्या चाकापर्यंत ताणायची. पुढचा टायर बरोबर मधोमध यायला हवा. डावीकडे फट 22 मिलीमीटर, उजवीकडे 14. म्हणजे चाक चार मिलीमीटर डावीकडे, नेमकं चेनच्या अंगाला. चेन टायरला चाटतच होती. गंमत अशी, की चेनची लाईन मात्र इंजिनाशी सुतात. चाक उजवीकडे घ्यावं तर स्प्रॉकेटही त्याच्याबरोबर चालला.

मूळचं तारांचं चाक असतं तर एका अंगाच्या तारा सैल, दुसऱ्या कसून रिंग ओढून घेतली असती. अलॉयला ही दयामाया नाही. ते ओतलं तसं ओतलं.

मग उद्यमनगरात लेथवर. उजवा बुश चार मिलीमीटरनं कमी केला, डावा तेवढाच वाढवून नवा काढला, आणि स्प्रॉकेटच्या मागे चार मिलीमीटरची रिंग. इथं वॉशर रचणारे बहाद्दर मी पाहिलेत. रिंगेची दोन्ही तोंडं समांतर नसतील तर स्प्रॉकेट डुलतो आणि चेन एकाच फेऱ्यात ताठ नि सैल होत राहते. बोल्टही तेवढेच लांब घ्यावे लागतात.

चाक 17 इंची, आधीचं 18 इंची. पण 100/90 चा टायर चढल्यावर उंची साधारण 612 मिलीमीटर भरते. आधीच्या 2.75 च्या टायरची हिशेबानं 597. म्हणजे लहान रिंगेची गाडी उलट किंचित उंच! स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते, त्यामुळे काट्याला याचा पत्ताच नाही.

माझी झोप उडवतो तो ब्रेक प्लेटचा टॉर्क आर्म. तो प्लेटला धरून ठेवतो. सुटला तर ब्रेक मारताच प्लेटच ड्रमबरोबर फिरते, रॉड वाकतो, चाक जाम. इथं जुना आर्म पुरेना. तुकडा वेल्ड करून लांबवलेला आर्म मी लावत नाही. जाड पट्टीतून अखंड कापला, बोल्टला स्प्लिट पिन घातली. गाडीत असे बदल करण्याबाबतच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं काय, हे पोराला आधीच सांगून झालं होतं. त्यानं मान डोलावली होती, ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी रंकाळ्याच्या कडेनं गाडी मीच फिरवली. हँडल हलकं धरलं, ओढ नाही. रिकाम्या रस्त्यावर मागचा ब्रेक तीनदा दाबला, उतरून स्प्लिट पिन पाहिली. परत आलो तर पोरगं जुनं चाक भंगारात द्यायला निघालेलं.

"ते ठेव रे," म्हटलं, "माळ्यावर."