उरलेला दोरा

"पोट बंद कर रे," एवढं म्हणून सर हातमोजे काढायचे आणि चहाला जायचे. निवासी डॉक्टर असताना मी पोट बंद करायला शिकलो ते असं. चार तासांच्या ऑपरेशनचा शेवट नेहमी सगळ्यांत नवख्या, सगळ्यांत दमलेल्या हातांत. कडेपासून एक सेंटिमीटर आत टोचायचं, दोन टाक्यांत एक सेंटिमीटर सोडायचं, एक नंबरचा जाड नायलॉनचा दोरा घ्यायचा आणि ओढायचं घट्ट. पुढे तालुक्याच्या गावी वीस वर्षं मी हेच करत आलो.

मग एक मावशी आल्या. सव्वा वर्षापूर्वी मी त्यांच्या मोठ्या आतड्याची गाठ काढली होती. ऑपरेशन फार छान झालं म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

"डॉक्टर, गाठ परत आली का हो? खोकलं की इथं चेंडू येतोय."

आडवं करून मान उचलायला सांगितली. बेंबीच्या वर, माझ्याच व्रणाखाली, मोठ्या लिंबाएवढा फुगवटा. दाबला तर गुडगुड करत आत गेला. कॅन्सर नव्हता, हर्निया होता. त्यांना हायसं वाटलं, मला नाही.

पुन्हा उघडलं तेव्हा पाहिलं, दोरा शाबूत होता, गाठीही सुटल्या नव्हत्या. उकडलेलं अंडं दोऱ्यानं कापतात ना, तसा तो मांसातून कापत गेला होता. ऑपरेशननंतर पोट फुगतं, जखमेची लांबी ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, दोरा मात्र वाढत नाही. मोठ्या टाक्यात चरबी आणि स्नायूही सापडतात. ते दबून चेपतात, टाका सैल पडतो आणि कडा दूर सरकतात. जेन्किन्स या ब्रिटिश सर्जननं १९७६ मध्येच सांगितलं होतं, की दोरा जखमेच्या लांबीच्या निदान चौपट जायला हवा. परीक्षेपुरतं ते मला पाठ होतं. मोजलं मात्र एकदाही नव्हतं.

त्याच सुमारास 'लॅन्सेट'मधला २०१५चा डच अभ्यास हाती आला. दहा रुग्णालयं, ५६० रुग्ण, सगळी ठरवून केलेली ऑपरेशनं. निम्म्यांना माझ्यासारखे मोठे टाके, निम्म्यांना बारीक: कडेपासून पाच मिलिमीटर, दोन टाक्यांत पाच मिलिमीटर, फक्त मधल्या पांढऱ्या पट्ट्यातून, चरबी न घेता. दोराही सावकाश विरघळणारा आणि पातळ. वर्षभरानं हर्निया मोठ्या टाक्यांत २१ टक्के, बारीक टाक्यांत १३. स्वीडनमध्ये इस्रायलसन आणि सहकाऱ्यांना २००९ मध्येच असाच फरक दिसला होता. तरी मन मानेना. हे पोट आहे, रुमाल नव्हे!

शेवटी पहिल्यांदा बारीक टाके घातले तेव्हा भूलतज्ज्ञांनी घड्याळाकडे पाहत विचारलं, "सर, भरतकाम काढताय का?" डच सर्जनांना या पद्धतीत सरासरी चार मिनिटं जास्त लागली होती. मला पहिल्या दिवशी बारा लागली. कडा नुसत्या भेटू द्यायच्या, आवळायच्या नाहीत, हे हाताला पटायला महिने गेले.

आता सिस्टर निर्जंतुक केलेली स्टीलची पट्टी ट्रेमध्ये ठेवतात. दोन टोकांकडून दोन दोरे, मिळून दीडशे सेंटिमीटर. मधे गाठ मारली की उरलेले तुकडे पट्टीवर. परवाची नोंद: जखम २२, उरला ५८, गेला ९२. चौपटीहून थोडा जास्त. लठ्ठपणा, जुनाट खोकला, जखमेतला पू यांच्यापुढे हाही टाका कधी हरतो, हे मान्य. मावशींच्या पोटात शेवटी जाळीच बसवावी लागली.

तरुण सर्जनांना एवढंच सांगेन: उरलेला दोरा बादलीत टाकण्याआधी एकदा मोजा.